अंगावरची पाकळी

पोळ्याच्या आठवड्यात परभणी, सेलू, मानवत किंवा जिंतूरच्या बाजारात गेले की झुली, गोंडे आणि घुंगुरमाळांच्या शेजारी दोरीला ओळीने टांगलेली बाशिंगे दिसतात. ही बाशिंगे बैलांसाठी असतात. श्रावणी अमावास्येला मराठवाड्यात बैलाला नुसते सजवून भागत नाही, त्याचे लग्नही लागते. मारुतीच्या पारापुढे जोड्या उभ्या राहतात, मंगलाष्टके होतात, अक्षता पडतात. नवरदेव म्हटल्यावर कपाळाला बाशिंग हवेच. पुठ्ठ्याचा पाया, त्यावर रंगीत कागद आणि बेगड, कडेने कागदाच्या पाकळ्या. बैल मान झटकतो, मधेच पावसाची सर येऊन जाते, गर्दीत पोरांचे हात लागतात. मिरवणूक घरी परतेपर्यंत त्या पाकळ्यांनी तग धरायचा असतो. वेशासाठी घडवलेल्या पाकळीची इतकी कडक परीक्षा नाटकाच्या रंगमंचावरही होत नसेल.

या पुस्तिकेचा विषय हीच पाकळी आहे: कागदाची, कापडाची, भेंडाची, हाताने कापलेली, आणि फुलदाणीत ठेवण्याऐवजी अंगावर घालण्यासाठी केलेली. पुस्तिका वाचतील त्या बहुधा शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी रात्र जागवणाऱ्या शिक्षिका, मुलीला ‘कमळ’ करून पाठवायचे म्हणून शिंप्याकडून कातरणे गोळा करणाऱ्या आया, आणि हौशी नाट्यमंडळींच्या कपडेपटात राबणारी माणसे. कृती पुढच्या प्रकरणांत आहेतच. त्याआधी इथे एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. वेशातली पाकळी म्हणजे खऱ्या पाकळीची स्वस्तातली नक्कल, हा समज सोडला की अर्ध्या अडचणी आपोआप सुटतात. खरे फूल हुंगायला आणि जवळून पाहायला असते. वेशातले फूल लांबून ओळखू यावे लागते, हालचालीत टिकावे लागते आणि घालणाऱ्याला विसरता यावे लागते. तिन्ही कामे खऱ्या फुलाला जमत नाहीत.

परभणीच्या मे महिन्यातल्या लग्नाचाच विचार करा. पारा ४२ अंशांच्या पुढे, मुहूर्त भर दुपारचा. शेवंतीचा हार मांडवात येईतो मान टाकतो. त्या उन्हात नवरदेवाच्या कपाळावर सकाळपासून पाठवणीपर्यंत जसेच्या तसे राहते ते बाशिंग. पूर्वी ते भेंडाचे असे. भेंड ही पाणथळ जागी वाढणारी वनस्पती. तिच्या खोडातला गाभा पांढराशुभ्र, मऊ आणि हातात घेतला तर वजन जाणवू नये इतका हलका असतो. धारदार सुरीने तो गोल गोल सोलत गेले की कागदासारखा सलग पापुद्रा निघतो, आणि त्यातून पाकळ्या कापतात. बंगालात यालाच शोला म्हणतात, आणि तिथल्या नवरदेवाचा उंच टोपर याच गाभ्याचा असतो. आपल्याकडे भेंडाची जागा आधी कागदाने आणि मग थर्माकोलने घेतली. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि हलक्या, पांढऱ्या, सहज कापता येणाऱ्या पदार्थाचा शोध पुन्हा सुरू झाला. परभणीसारख्या गावात बाशिंगाइतकाच सेहराही ओळखीचा आहे. तोही कधी फुलांचा, कधी जरीचा आणि बेगडीचा. कपाळ कुणाचेही असो, त्यावर न कोमेजणारे फूल हवे ही गरज सारखीच.

बाशिंगाकडे नीट पाहिले तर वेशातल्या पाकळीचे बरेचसे व्याकरण त्यातच सापडते. ते समोरून दिसण्यासाठी असते, म्हणून फूल चपटे केलेले असते. गर्दीच्या डोक्यांवरून दिसावे म्हणून पाकळ्या मोठ्या आणि मोजक्या असतात. कपाळाला टोचू नये म्हणून मागची बाजू सपाट असते. आणि सगळे ओझे दोन दोऱ्यांवर असल्यामुळे वजनाला फाटा दिलेला असतो. बैलाच्या बाशिंगात रंगाचाही हिशेब असतो. नांदेड-परभणीकडचा लाल कंधारी बैल गडद तांबडा. त्याच्या कपाळावर लाल जास्वंद हरवून जाईल. पांढरे, गुलाबी आणि चमचमणारे मात्र वेशीपासून दिसते. ज्यांनी ही बाशिंगे पिढ्यान्‌पिढ्या केली त्यांनी हे नियम कुठे लिहून ठेवलेले नाहीत. दरवर्षीच्या बाजारात जे खपले आणि जे टिकले त्यातून ते ठरत गेले.

मराठी रंगभूमीने फुलाची गरज वेगळ्या वाटेने ओळखली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगमंचावर आले. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेल्या बालगंधर्वांची सुरुवातीची भूमिका शकुंतलेचीच. आश्रमात वाढलेल्या मुलीला सोन्याचे दागिने चालत नाहीत. तिचे दागिने म्हणजे फुले. कालिदासाने तर या फुलांना कथेत काम दिले आहे. सहाव्या अंकात दुष्यंत शकुंतलेचे चित्र काढतो आणि त्याच्या लक्षात येते की कानावरून गालापर्यंत झुकलेले शिरीषाचे फूल काढायचे राहिले. त्या फुलाशिवाय चित्र त्याला अपुरे वाटते. कपडेपटाच्या माणसाने हा प्रसंग मनात ठेवावा. पात्र ओळखू येण्यासाठी अंगभर फुले लागत नाहीत. नेमक्या जागी नेमके एक फूल लागते.

आता तेच शिरीष करायचे ठरवले तर काय होते पाहा. आपल्याकडे रस्त्याकडेला शिरीषाची झाडे पुष्कळ. चैत्र-वैशाखात त्यांच्याखाली फिकट हिरवट-पांढऱ्या झुबक्यांचा सडा पडतो. त्यातला एक झुबका उचलून उलगडला की कळते, याला दिसणाऱ्या अशा पाकळ्या जवळपास नाहीतच. जे दिसते ते सगळे केसर. मग पाकळ्या कापत बसण्यात अर्थ नाही. रेशमी धाग्यांची गुंडी बांधून तिची टोके मोकळी सोडली की शिरीष तयार. म्हणून पहिला नियम असा: कात्री हातात घेण्याआधी खरे फूल आणून उलगडून बघावे.

उलगडून पाहिले की बहुतेक फुले चार गटांत बसतात, आणि प्रत्येक गटाची रीत वेगळी आहे. पहिला गट सुट्या पाकळ्यांचा. त्यात जास्वंद, कमळ, कापूस, भेंडी येतात. इथे प्रत्येक पाकळी वेगळी घडवून एकीवर एक बसवावी लागते. दुसरा गट जोडलेल्या पाकळ्यांचा. धोतऱ्याचे फूल म्हणजे एकसंध कर्णा, आणि तो एकाच तुकड्याचा शंकू करून, कडा बाहेर ओढून होतो. पाच पाकळ्या चिकटवून धोतरा करायला गेले तर तो कधीच धोतरा दिसत नाही. तिसरा गट झालरीचा: शिरीष, बाभळीचे पिवळे गोंडे, झेंडू. झेंडूत जिला आपण पाकळी म्हणतो ती प्रत्येक स्वतःच एक छोटे फूल असते. तेव्हा लांब पट्टी एका बाजूने कातरून गुंडाळत जाणे हीच तिची खरी रीत. चौथा गट विचित्र आकारांचा. पळसाच्या पाच पाकळ्यांत एक मोठी मागे उभी, दोन बाजूला आणि दोन जुळून पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. वेशात पाचही करत बसू नये. ती चोच नीट वाकली आणि तिचा केशरी रंग साधला की पळस ओळखू येतो, बाकीचे पाहणाऱ्याचा डोळा भरून घेतो.

परभणीत बसून या विषयावर लिहायचे तर कापसाच्या फुलापाशी थांबावेच लागेल. इथल्या काळ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या हे पीक आहे. कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे वाणही दिले, त्यांतल्या एकाचे नाव ‘परभणी तुराब’. तरी स्नेहसंमेलनात मुली कमळ होतात, गुलाब होतात, ट्युलिपसुद्धा होतात, आणि घराच्या मागच्या रानात फुलणारे फूल कुणी होत नाही. खरे तर वेशासाठी याहून चांगले फूल शोधून सापडणार नाही. देशी कापसाचे फूल पिवळे, तळाशी गडद तांबडा ठिपका. पाच पाकळ्या एकमेकींवर तिरक्या चढलेल्या, त्यामुळे फूल भिंगरीसारखे वळलेले दिसते. खाली तीन दातेरी हिरवी पाने. आणि मुख्य म्हणजे ते रंग बदलते: उमलते त्या दिवशी पिवळे, दुसऱ्या दिवशी गुलाबी होत मिटते. पाते, फूल, बोंड हा क्रम शेतकऱ्याच्या घरातल्या प्रत्येक पोराला पाठ असतो, म्हणजे नाचाची गोष्ट आयतीच तयार आहे.

ही पाकळी घडते कशी ते इथेच थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढच्या सगळ्या कृतींचे मर्म तिच्यात आहे. साधे सुती अस्तर घ्यावे, एक पिवळे आणि एक गुलाबी. पाकळी वीतभर लांब, आणि एका अंगाने जास्त फुगीर. दोन्ही बाजू सारख्या कापल्या तर भिंगरीचा वळसा येत नाही. कापड उरेब धरून कापावे. उभ्या-आडव्या धाग्यावर कापलेली पाकळी पुठ्ठ्यासारखी ताठ राहते. उरेब कापलेली बोटांनी ओढली की कडेला लाट घेते आणि मध्ये खोलगट होते. दोन्ही रंगांचे तुकडे एकमेकांवर ठेवून मध्ये देठापासून टोकापर्यंत बारीक तार घालावी आणि साबुदाण्याच्या पातळ खळीने ते चिकटवावेत. तारेचे वरचे टोक आधीच गोल वळवून घ्यावे. सरळ टोक कापडातून बाहेर येते आणि शेजारच्या मुलीच्या डोळ्याला लागते. मग सावलीत वाळू द्यावे, पण पूर्ण नाही. कापड हाताला गार आणि किंचित ओलसर लागते तोच खरा क्षण. घडी केलेल्या घोंगडीवर पाकळी ठेवून गरम केलेल्या पळीची पाठ तिच्या पोटावर दाबावी. पाकळीला पोट येते. कडेची लाट अंगठा आणि तर्जनीने चिमटीत धरून हलके ओढत काढावी. शिरा हव्यात तर विणायच्या सुईने रेघा दाबाव्यात. तळाचा तांबडा ठिपका सर्वांत शेवटी. पाण्यात कालवलेला रंग ब्रशने खालून वर ओढला की कडा आपसूक विरघळते.

पाकळी आतून पिवळी आणि बाहेरून गुलाबी झाली, याचा उपयोग नाचात होतो. हात खाली असताना फूल उमललेले आणि पिवळे दिसते. मुली हात वर घेऊन पाकळ्या मिटतात तेव्हा तेच फूल दुसऱ्या दिवसाचे, गुलाबी होते. पाकळ्या झग्यावर थेट शिवण्याऐवजी कमरेच्या पट्ट्यावर बसवल्या तर हे जमते, आणि मुलीला नाचून झाल्यावर वेश चटकन उतरवताही येतो. वेश काढता न आल्याने रडणारी मुले ज्यांनी स्टेजच्या मागे सांभाळली आहेत त्यांना या पट्ट्याचे मोल वेगळे सांगायला नको.

जगात इतर ठिकाणीही हात याच वाटांनी गेले आहेत. पॅरिसमध्ये १८८० पासून चालत आलेले लमारिए हे घराणे शनेलसारख्या मोठ्या फॅशनगृहांसाठी कापडी फुले करते. तिथे पाकळीला पोट आणायला दांड्याच्या टोकावर बसवलेला लोखंडी गोळा तापवून दाबतात. आपली पळी तेच काम करते. जपानमध्ये रेशमाचे इवलेसे चौकोन चिमट्याने दुमडून तांदळाच्या खळीत बसवतात आणि त्यांची फुले केसांत माळतात. या कलेला त्सुमामी म्हणतात. हत्यारे वेगळी असली तरी गोष्ट एकच आहे. कापडाला ओल, ऊब आणि दाब योग्य वेळी दिला की ते वळते, आणि वळलेले राहते.

पाकळीला अंगावर काय सोसावे लागते हे सांगणारी सर्वांत प्रसिद्ध गोष्ट बॅलेतली आहे. १९ एप्रिल १९११ रोजी माँटे कार्लो येथे दियागिलेव्हच्या रशियन मंडळीने गुलाबाच्या आत्म्यावरचा एक छोटा बॅले सादर केला. निजिन्स्की गुलाब झाला होता, आणि वेश लिऑन बाक्स्टने आखला होता. अंगाला घट्ट बसणाऱ्या रेशमी विणीवर गुलाबी, लाल, जांभळ्या छटांच्या कापडी पाकळ्या टाचलेल्या. शेवटी नर्तक खिडकीतून झेप घेऊन नाहीसा होतो. त्या झेपेत आणि आधीच्या गिरक्यांत पाकळ्या गळत असत. प्रत्येक प्रयोगानंतर त्या पुन्हा तापवून वळवाव्या लागत, असे सांगतात. आणि गळालेल्या पाकळ्या निजिन्स्कीच्या नोकराने चाहत्यांना विकल्या, अशी आख्यायिकाही आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी कामाची गोष्ट उरते. बाक्स्टसारख्या चित्रकाराने आखलेली पाकळीही दर प्रयोगाला दुरुस्तीला येत होती. म्हणून वेश करताना दहा-बारा पाकळ्या जास्तीच्या करून ठेवाव्यात, आणि त्यांच्यासोबत सुई-दोरा आणि चिकटपट्टीचा डबा स्टेजमागे असावा.

त्याच काळातली दुसरी कलावंत नेमकी उलट बाजूने जाते. लोई फुलर ही अमेरिकन नर्तकी १८९२ पासून पॅरिस गाजवत होती. तिने पाकळी केलीच नाही. रेशमाचा प्रचंड घोळ अंगावर, बाह्यांत लांब काठ्या, आणि त्या काठ्या फिरवत ती प्रकाशात लिली होऊन दाखवायची. हालचाल संपली की फूलही संपायचे. हाताने पाकळी घडवणाऱ्याने तिच्याकडून एवढे घ्यावे की नाचणाऱ्याचे अंगही फुलाचा भाग आहे. शंभर पाकळ्या लावून मुलीला हलताच येईनासे झाले तर त्या फुलात जीव राहत नाही.

आपल्याकडच्या स्नेहसंमेलनाच्या काही अडचणी पॅरिसला ठाऊक नव्हत्या. कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीत, शाळेच्या मैदानावर, उघड्या मांडवात. संध्याकाळी वारा सुटतो, आणि डोक्यावर उभ्या केलेल्या पाकळ्या शिडासारख्या वारा धरतात. अशा ठिकाणी पाकळ्या बाहेर झुकलेल्या आणि कमी उंच असाव्यात. क्रेप कागद स्वस्त आणि रंग भरपूर, पण दवाने रंग सुटतो आणि पांढऱ्या फ्रॉकवर उतरतो. त्याखाली अस्तर द्यावेच. या कागदाच्या सुरकुत्या पाकळीच्या लांबीच्या दिशेने ठेवल्या तरच तो आडवा ताणून पोट काढता येते; आडव्या ठेवल्या तर पाकळी लांबते आणि लोंबते. सॅटिन किंवा ऑर्गंझाच्या कडा मेणबत्तीजवळून नेल्या की सुंदर वळतात, पण हे काम मोठ्यांनी, खिडकी उघडी ठेवून करावे. आणि एक गोष्ट ठासून सांगतो. दिवे घेऊन नाचायचे असेल तर कृत्रिम धाग्याची एकही पाकळी अंगावर नको. असे कापड पेटले तर वितळून कातडीला चिकटते. दिव्यांच्या नाचात सुती पाकळ्या, त्याही कमरेखाली नाहीत, आणि दिवे सेलचे.

रंगांचे गणित स्टेजच्या दिव्यांवर बसवावे लागते. घरात टेबलावर ठेवलेली नाजूक फिकट पिवळी पाकळी पिवळ्या प्रकाशझोतात पांढरी पडते. रंग एक छटा गडद घ्यावा आणि कडेला त्याहून गडद रेघ द्यावी, म्हणजे मागच्या रांगेलाही एक पाकळी दुसरीपासून वेगळी दिसते. कमळाला खऱ्यात कितीही पाकळ्या असोत, स्टेजवर आठ ठसठशीत पाकळ्या वीस बारीक पाकळ्यांवर मात करतात. आणि चेहरा कधीही झाकू नये. मैदानात बसलेल्या आईला फुलात आपली मुलगी सापडली पाहिजे, त्यासाठीच तर ती आलेली असते.

शेवटी एका न्याय्य तक्रारीला उत्तर द्यायला हवे. बाजारात आलेल्या प्लास्टिकच्या फुलांनी झेंडू-शेवंती पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय आणला आहे, आणि त्यांच्यावर बंदी घाला अशी मागणी फूलउत्पादक सतत करत आले आहेत. मग कृत्रिम पाकळ्या करायला शिकवणारी पुस्तिका कशाला? उत्तर वापरात आहे. देवाच्या हाराला, तोरणाला, मांडवाला शेतातले फूलच हवे, तिथे ही पुस्तिका लुडबुड करत नाही. ताजे फूल जिथे टिकूच शकत नाही, म्हणजे नाचणाऱ्या पोरीच्या कमरेवर, बैलाच्या कपाळावर, तीन अंकी नाटकात, तेवढीच जागा इथे घेतली आहे. तीही शक्यतो कापूस, कागद, खळ आणि शिंप्याच्या कातरणांनी. वर्षभर जपून ठेवलेला पाकळ्यांचा पट्टा पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीच्या अंगावर चढतो, आणि मोडका झाला तर त्यातली तार तरी कामाला येते.

पुढची प्रकरणे सोप्याकडून अवघडाकडे जातात: आधी झालर, मग सुट्या पाकळ्या, मग कर्णा, आणि शेवटी पळसासारखी वाकडी फुले. नवख्यांनी सगळे फूल एकदम करायला घेऊ नये. एकच पाकळी करावी, ती घरातल्या कुणाच्या तरी खांद्याला टाचावी आणि त्यांना अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभे करून हात हलवायला सांगावे. तिथून ती कोणत्या फुलाची आहे हे तिसऱ्या माणसाने न विचारता सांगितले, तर उरलेल्या चार कापायला घ्याव्यात. नाही सांगितले, तर खरे फूल पुन्हा उलगडून बघावे.